‘आई, माझं ते कुठंय?’ : पसाऱ्याचा थोडा इतिहास

गेल्या आठवड्यात माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणाची प्रत हरवली. गाईडने लाल पेनाने खुणा करून दिलेली, एकुलती एक. सोप्यातल्या टेबलावर ठेवली होती हे मला पक्कं आठवत होतं. आता त्या टेबलावर काय काय होतं ते सांगते. पप्पांच्या बीपीच्या गोळ्या, मागच्या वर्षीची लाईटबिलं, भावाचं हेल्मेट, काकीच्या भिशीची वही, तीन लग्नपत्रिका (तिन्ही लग्नं कधीच लागून गेली), एक मेलेला रिमोट आणि कागदात बांधलेल्या भाजक्या शेंगा. प्रत सोडून सगळं होतं.

मी आरडाओरडा केला. पप्पा म्हणाले, “इथंच असंल की, नीट बघ.” भाऊ म्हणाला, “मला काय विचारतीस?” आई स्वयंपाकघरातनं, मान वर न करता म्हणाली, “टीव्हीच्या मागं बघ. पंचांगाखाली.”

तिथंच होती.

माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या मराठी बायकांनी स्वतःबद्दल जे लिहिलं, त्यात घरकाम कसं दिसतं. म्हणजे दिवसभर मी दुसऱ्यांच्या घरातल्या कामाबद्दल वाचते आणि संध्याकाळी आमच्या पेठेतल्या घरात येऊन खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून बसते. आमच्या घरात आज्जी धरून सातजण. पसारा हा आमच्याकडे रोजचा भांडणाचा विषय. आणि तो भांडताना आम्ही सगळे एकच वाक्य वापरतो: “तुझा स्वभावच तसला.” या पोस्टमध्ये मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. पसारा स्वभावातनं येतो असं आपण धरून चालतो. जुनी पुस्तकं वाचताना मला वेगळंच दिसायला लागलंय.

आधी एका घराची गोष्ट. खरं तर दोन घरांची, पण बाई एकच.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात तरी वाचलं असेल. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. साधंसुधं नाही. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्यात मीठसुद्धा आलं! मीठ धुवायचं म्हणजे काय होतं ते तुम्हीच बघा एकदा करून.

आता वरवर पाहिलं तर हे घर पसाऱ्याच्या अगदी उलट टोकाचं. इतकं स्वच्छ घर शोधून सापडणार नाही. पण वाचताना लक्षात येतं की नियम करणारा एक आणि पाणी ओतणारे, धुणारे, वाळवणारे, ओरडा खाणारे दुसरे. सोवळं वडिलांचं होतं. ते निभावायचं काम आईचं आणि मुलांचं.

मग १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लक्ष्मीबाईंचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक मोठे कवी, माणूस म्हणून उदार, बुद्धीने तल्लख, आणि संसारात बघाल तर सगळा आनंद. पैसा हातात टिकायचा नाही. कुणी मागितलं की दिला. राग आला की घर सोडून निघाले, न सांगता. आज नागपूर, उद्या राजनांदगाव. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे गेल्या, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही घर तसंच भरलेलं: पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुलं. टिळक माणसं आणायचे आणि लक्ष्मीबाई त्यांचं जेवणखाण बघायच्या.

म्हणजे एका घरात टोकाची शुद्धी, दुसऱ्या घरात टोकाचा पसारा. एक घर भीतीने आवळलेलं, दुसरं मायेने सैल सुटलेलं. पण दोन्हीकडे निस्तरणारी व्यक्ती कोण हे बदललं नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण बाई विलक्षण विनोदी आहे आणि नवऱ्यावर तिचं प्रेम आहे. टिळक १९१९ मध्ये गेले, म्हणजे हे सगळं ती त्यांच्यामागे पंधरा वर्षांनी लिहिते आहे. माझी मैत्रीण म्हणाली, “बाईंनी त्यांना माफ केलंय.” मला तसं वाटत नाही. बाईंनी सगळा हिशेब मांडलाय, फक्त आवाज चढवलेला नाही.

आता थोडं मागे, १८८२ सालात जाऊ. त्या एका वर्षात पुण्यात दोन पुस्तकं छापली गेली आणि माझ्या थिसिसचं अर्धं ओझं त्या दोघींवर आहे.

पहिलं पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’. बायकांनी कसं वागावं, शिकावं, मुलं कशी वाढवावीत, घर कसं सांभाळावं, असं ते उपदेशाचं पुस्तक. घरकामाला त्यात स्वतंत्र जागा आहे. गंमत बघा, किंवा गंमत म्हणवत नाही. रमाबाईंचं बालपण घर नावाच्या गोष्टीशिवाय गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडायचे, कुटुंब त्यांच्याबरोबर. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. १८८२ च्या सुरुवातीला नवराही गेला. त्याच वर्षी कडेवर लहान मुलगी घेऊन ही बाई पुण्यात येते आणि घर नीट कसं ठेवावं यावर लिहिते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वैतागले होते. ही कशाला आपल्याला टापटीप शिकवते? आता वाटतं, ज्याला घर मिळालं नाही त्याला घराची घडी फार मोलाची वाटत असणार.

दुसरं पुस्तक ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या बाईने बायकांवर घातले जाणारे दोष एकेक करून घेतले आणि विचारलं की हेच दोष पुरुषांत नाहीत का? पुस्तक घरकामाबद्दल नाही. पण त्यातली रीत मला फार उपयोगी पडली: कुणाला नाव ठेवलं जातंय हे बघायचं, आणि मग तोच माप दुसऱ्या बाजूला लावून बघायचं.

ही रीत पसाऱ्याला लावली की काय दिसतं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी पुस्तकांत, मासिकांत, मुलींच्या शाळांत ‘सुगृहिणी’ घडवायचं काम जोरात सुरू झालं. शिकलेल्या बाईचं घर टापटीप असतं, आणि टापटीप घर हे ती शिकलेली असल्याचा पुरावा, असा तो विचार. शिक्षणाला विरोध करणाऱ्यांना उत्तर म्हणून तो कामाचाही होता: बघा, मुलगी शिकली म्हणून घर वाऱ्यावर पडत नाही, उलट सुधारतं. पण त्यातून एक गोष्ट चिकटली ती कायमची. घर विस्कटलेलं दिसलं की बोट बाईकडे. आजही आमच्याकडे पाहुणे आले की आई सोप्यातलं सगळं उचलून आतल्या खोलीत कॉटवर फेकते आणि वर चादर टाकते. पप्पा हेल्मेट, बिलं, गोळ्या यातलं काहीच उचलत नाहीत. पाहुण्यांनी पसारा पाहिला तर नाव आईचं जाणार, पप्पांचं नाही. हे दोघांनाही माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठं एवढा पसारा होता? हा मुद्दा बरोबर आहे. आज्जी तर रोज म्हणते. म्हणून एका दुपारी तिला तिच्या माहेरच्या घरात काय काय होतं ते विचारत बसले. गावाकडचं मातीचं घर. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, माळा, मागं परडं. कपाट एकही नाही. वस्तू भिंतीतच राहायच्या: दिव्याला देवळी, डबे-शिश्यांना कोनाडा, टोपी-पिशवीला खुंटी, भांड्यांना फळी, गाडग्या-मडक्यांची उतरंड, अंथरुणांची एकावर एक घडी. प्रत्येक वस्तूची जागा गवंड्याने घर बांधतानाच ठरवलेली. जागा भरली की नवी वस्तू यायचीच नाही, कारण ठेवणार कुठं?

आणि वस्तू घराबाहेर जायच्या वाटाही ठरलेल्या होत्या. लुगडं जुनं झालं की त्याची वाकळ. वाकळ फाटली की पोतेरं. तांब्याचं भांडं फुटलं की मोडीत देऊन नवं. पुढे शहरात बोहारीण आली, जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी. तिच्याशी घासाघीस करणं हा आज्जीचा आवडता खेळ होता. रद्दीवाला अजून येतो. पण मोबाईलचा चार्जर, प्लास्टिकचे डबे, मिठाईच्या रिकाम्या खोक्यांचा गठ्ठा, सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हं, यांची ना वाकळ होते ना मोड येते. आमच्या घरात वस्तू येतात रोज, जायची वाट मात्र बंद. आणि नव्या भिंतींत कोनाडे नाहीत.

वर्षातनं एकदा मात्र जुनी शिस्त परत येते. नवरात्राच्या आधी कोल्हापुरात घरंच्या घरं धुवून निघतात. भिंती, भांडी, अंथरूण-पांघरूण, सगळं. अजूनही पंचंगंगेवर वाकळांचे, चादरींचे गठ्ठे घेऊन आलेल्या बायका दिसतात. आमच्याकडेही आई आणि काकी चार दिवस राबतात आणि घटस्थापनेला घर असं दिसतं की पाहुण्यांनाही वाटावं, वा! दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत टेबल पुन्हा भरलेलं असतं.

एवढ्यावर थांबले असते तर ‘पूर्वी सगळं छान होतं’ असं म्हणून मोकळी झाले असते. पण तसंही नाही. पूर्वीची घरं नीट दिसायची त्याचं एक कारण वस्तू कमी असणं आणि दुसरं कारण पहाटे उठून सारवणाऱ्या, झाडणाऱ्या बायकांचे हात. शिवाय सोवळं आणि स्वच्छता एक नव्हे. सोवळ्यात कुणी शिवायचं आणि कुणी नाही हा जातीचा हिशेब असतो. लक्ष्मीबाईंनी स्वतः तो किती कष्टाने मनातून काढला हे त्यांच्याच पुस्तकात आहे.

स्वच्छतेच्या नावाखाली घरात शिरण्याचा एक वेगळा प्रसंगही इतिहासात आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेत होते, सामान रस्त्यावर काढत होते, जाळत होते. त्यातून लोकांचा संताप एवढा पेटला की २२ जूनला प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. कोल्हापुरातही प्लेग आला. शाहू महाराजांच्या दरबाराने लोकांना शहराबाहेर झोपड्या बांधून राहायला लावलं. घर सोडून झोपडीत जायचं म्हणजे प्रश्न एकच: सोबत काय न्यायचं? हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र शंभर वर्षांपूर्वीचं कोल्हापूर आलं नाही. २०१९ चा ऑगस्ट आला.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. आमच्या गल्लीत पाणी संध्याकाळी आलं. लाईट गेलेली. आम्ही सगळे माळ्यावर वस्तू चढवत होतो आणि तेव्हा कळलं की घरात कुणालाच, म्हणजे आई सोडून कुणालाच, काय कुठं आहे ते माहीत नाही. रेशनकार्ड? आईला विचार. घराची कागदपत्रं? आईला विचार. आज्जीच्या गोळ्या? आई! ती एका हातात बॅटरी घेऊन सांगत होती: लोखंडी ट्रंकेत, हिरव्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. आम्ही हमालासारखे उचलत होतो.

एक गोष्ट राहिली. आज्जीच्या कॉटखाली एक पत्र्याची पेटी होती. सगळ्यांच्या लेखी अडगळच. मी स्वतः दोनदा म्हटलं होतं की टाकून द्या ती. पाणी उतरल्यावर उघडली तर आत वह्या होत्या. आज्जीने लग्नानंतर कितीतरी वर्षं लिहिलेला घरखर्च: दूध, रॉकेल, दळण, शाळेची फी, कुणाला उसने दिले, कुणी परत केले. शाई पसरून निळा चिखल झाला होता. मधली दोन-तीन पानं तेवढी वाचता आली. मी त्या वेळी एम.ए. करत होते, आणि अशाच वह्या पुरालेखागारात सापडाव्यात म्हणून जीव टाकत होते.

आज्जी काही बोलली नाही. “जाऊ दे, हिशेब तर सगळे मिटलेत,” एवढंच म्हणाली. पण मला अजून रात्री कधीतरी ती पेटी आठवते. इतिहासाचा अभ्यास करणारी मी कुणीतरी काहीतरी न टाकल्यामुळे जगते. आणि घरातली मी सारखी ओरडते, टाका ते सगळं. त्या पेटीच्या बाबतीत पसारा करणारे चुकले नव्हते. त्यात काय आहे ते एकदाही न विचारणारी मी चुकले होते.

पुरालेखागारात कधी गेलात तर बघा. कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, गठ्ठ्यावर गठ्ठे. बाहेरच्या माणसाला तो पसाराच वाटेल. तो पसारा नसतो, कारण कुणीतरी यादी केलेली असते आणि कुठला रुमाल कुठं आहे हे सांगणारं माणूस तिथं पगारावर असतं. आमच्या घराचीही यादी आहे. ती आईच्या डोक्यात आहे. पगार नाही.

या कामाला मोजमाप आहे का? थोडंफार आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम त्या दिवशी केलं असं सांगणाऱ्यांत बायका-मुली होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष-मुलगे २६.१ टक्के. जे करत होते त्यांच्यातही बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. म्हणजे पाच तासांसमोर दीड तास. बाकीच्या पुरुषांचा तर त्या दिवशी शून्य. पण या २९९ मिनिटांत ‘टीव्हीच्या मागं, पंचांगाखाली’ हे कुठं मोजलं गेलं असेल? सात माणसांच्या वस्तू लक्षात ठेवायला मिनिटं लागत नाहीत. डोकं लागतं, आणि ते सतत लागतं.

म्हणून मी घरात मोजायचं ठरवलं. “आई, माझं ते कुठंय?” हे दिवसात किती वेळा विचारलं जातं त्याच्या रेघा कॅलेंडरवर मारायच्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच जागा संपली. त्यातल्या बऱ्याच रेघा माझ्या स्वतःच्या निघाल्या, हे सांगायला लाज वाटते. मोजणं तिथंच सोडलं.

संध्याकाळी पप्पांना कॅलेंडर दाखवलं. ते चष्मा लावून बघत राहिले. म्हणाले, “एवढ्या?” मग म्हणाले, “पण ती सांगती की लगेच.” मी म्हटलं, “पप्पा, तेच तर.” ते गप्प बसले. आई आतनं ओरडली, “कॅलेंडर कशाला खराब केलंस? त्यावर गॅसच्या तारखा लिहिल्यात मी.”

कालपासून पप्पांनी गोळ्यांसाठी एक खुंटी ठोकलीय. पिशवी अडकवलीय तिला. भावाच्या हेल्मेटलाही एक ठोकू म्हणालेत. याने काही क्रांती होणार नाही, आणि खुंटीखालचं टेबल अजून तसंच आहे. पण आज सकाळी गोळ्या कुठं आहेत हे त्यांनी विचारलं नाही. मी लक्ष ठेवून होते.

आणि आज्जीच्या वाचलेल्या दोन-तीन पानांचे फोटो काढून ठेवलेत. मूळ पानं कुठं ठेवलीत ते मात्र मी वहीत लिहून ठेवलंय. आईला विचारायला लागू नये म्हणून.